फेब्रुवारीतले ‘यंदाचे’ लोणचे

महामार्गालगतच्या कोकण मेव्याच्या एका स्टॉलवर मागच्या वर्षीचे, बुरा धरून गेलेले कैरीचे लोणचे वरून नवे तेल आणि मसाला घालून ‘यंदाचे’ म्हणून मला विकण्यात आले. असा माल थोडे लक्ष दिल्यास ओळखता येतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घरच्या रायवळ (गावठी) आंब्याला गेल्या हंगामात फारशा कैऱ्या धरल्या नाहीत आणि आमची बरणी लवकरच तळाला गेली. फेब्रुवारीअखेर चिपळूणहून रत्नागिरीला येताना या स्टॉलवर थांबले. गल्ल्यापाशी ठेवलेल्या उघड्या बरणीतली बाळकैरीची फोड चाखायला मिळाली. ती करकरीत होती. “ताई, यंदाचंच आहे, आठ दिवसांपूर्वी घातलंय,” असे म्हणत विक्रेत्याने मागच्या फळीवरच्या दोन बंद बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. चाखायला एक आणि विकायला दुसरे, अशी ही व्यवस्था होती.

घरी एक बाटली उघडली. वर बोटभर पिवळेधमक, पातळ तेल होते. त्याखालचा खार मात्र काळपट आणि चिकट होता, आणि चमचा आत जाताच बुडबुडे वर आले. हिंग आणि तिखट सढळ हाताने घातल्यामुळे पहिल्या वासात काही कळले नाही, पण फोड कुस्करल्यावर खवट तेलाचा वास स्पष्ट आला. झाकणाच्या आतल्या बाजूला गंज होता. खरा पुरावा फोडींनीच दिला, कारण प्रत्येक फोडीला टणक बाठ होती. फेब्रुवारीत आमच्याकडे लोणच्याला मिळते ती कोवळी, बाठ न धरलेली कैरी. आगाप म्हणजे लवकर आलेल्या मोहराचा हापूस तयार होत असला तरी तो पेटीच्या भावाने वाशीच्या बाजारात जातो, त्याचे लोणचे घालण्याइतका वेडा बागायतदार मी पाहिलेला नाही. बाठ धरलेल्या कैरीचे साठवणीचे लोणचे एप्रिल-मे महिन्यांत, पावसाआधी घातले जाते. मग लेबल नखाने उचकटून पाहिले, तर त्याखाली मागच्या वर्षीच्या मे महिन्याचे लेबल होते.

जाब विचारल्यावर “वरचा बुरा काढून तेल ओता, खाली काही होत नाही,” असे उत्तर मिळाले. हा सल्ला घराघरांतही दिला जातो, म्हणून सांगते: बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, आणि बुरशी आंबटपणा देणारे आम्ल खाऊन टाकत असल्याने ज्या आंबटपणामुळे इतर जंतू दबून राहतात तोच कमी होतो. तेलाचे काम फोडींना हवा लागू न देण्याचे असते. एकदा नासलेल्या लोणच्यावर ते ओतून फक्त वरचे रूप सुधारते.

उलट, प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे बुरा नव्हे. मिठाचे खडे बोटांना खरखरीत लागतात आणि कोमट पाण्यात विरघळतात, बुरा मऊ आणि केसाळ असतो. नव्या लोणच्याला पाणी सुटते, तेही बिघडल्याचे लक्षण नाही.

विकत घेताना बाटली उलटी करून तळाचा खार पाहावा, लेबलवर लेबल नाही ना हे तपासावे, आणि अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक व पॅकिंगची तारीख असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घरगुती मालालाही ही नोंदणी लागते. माझ्याकडे पावती नव्हती, परंतु पैसे मोबाईलवरून दिल्याने व्यवहाराची नोंद होती. तिच्या आधारे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार दिली. त्यानंतर विक्रेत्याने स्वतः फोन करून पैसे परत देण्याची तयारी दाखवली, मात्र न उघडलेली बाटली परत मागितली. ती मी दिलेली नाही.