कॉक्सी: खाद्यातलं औषध की लस?
सकाळी शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर रक्ताळलेली विष्ठा दिसली, कोंबडीची पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा झालेली असली, की कॉक्सीची, म्हणजे कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाची, शंका घ्यायचीच. तोवर आयमेरिया या परजीवीनं आतड्याचं अस्तर खराब केलेलं असतं. रक्त न दिसणारा प्रकार तर आणखी छुपा: मर फारशी नाही, पण खाद्य संपतं आणि वजन चढत नाही.

ब्रॉयलरला (मांसासाठीच्या कोंबडीला) सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन हे खाद्यातून द्यायचं कॉक्सीरोधक औषध सोयीचं. पक्षी 40-45 दिवसांत विकायचा, त्याला प्रतिकारशक्ती साठवून करायचंय काय? मात्र तेच औषध सतत दिलं की परजीवी जुमानत नाही. आलटून-पालटून वापरावं लागतं. सोबत टियाम्युलिन हे प्रतिजैविक दिलं तर विषबाधा होते. आणि हे खाद्य घोड्याच्या तोंडी लागू देऊ नका.

अंड्यावरच्या किंवा गावरान कोंबड्यांना मी लसच देईन. पण पहिल्या दिवशी फवारली की झालं, असं नाही. लसीतले जिवंत परजीवी विष्ठेतून तुसात उतरतात, पिल्लं ते पुन्हा टिपतात, तेव्हा कुठे प्रतिकारशक्ती बसते. त्यासाठी तूस किंचित ओलसर हवं, चिखल नको. मुठीत दाबून पाहा: हलका गोळा होऊन लगेच सुटला पाहिजे. त्याच दिवसांत अ‍ॅम्प्रोलियम हे कॉक्सीवरचं औषध पाजलंत, तर लसीचे पैसे पाण्यात.