कॉलेजच्या निबंधासाठी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मॅडम, आमचा अनुभव

मुलगी बारावीला आहे, अमेरिकेत अप्लाय करायचंय, त्यामुळे सहा महिने घरात दुसरा विषयच नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो की तुम्हाला इथेच का यायचंय, उत्तर १५० शब्दांच्या आत. मला वाटलं दीडशे शब्द म्हणजे एका संध्याकाळचं काम, पण खरी मेख तिथेच आहे.

आधी एका मोठ्या ऑफिसात पैसे भरले होते. आठवड्यात तयार निबंध हातात, त्यात उत्तम प्रोफेसर, न्यूयॉर्क शहर, जगभरची मुलं वगैरे वगैरे. लेक म्हणाली, आई यात मी कुठेय? खरंच नव्हती.

मग मैत्रिणीनं या मॅडमचं सांगितलं. घरीच बसतात, पाटी नाही. तोवर लेकीनं स्वतःच एक ड्राफ्ट केला होता, की सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये स्कॉलरशिप देऊन बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, मीही बडोद्याची, म्हणून मला तिथे जायचंय. आम्हाला तर वाचून भरून आलं होतं. मॅडमनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, बेटा, हे त्यांचं झालं, तुझं कारण काय? आणि सांगितलं की कॉलेजचं नाव खोडून दुसऱ्या कॉलेजचं घालून बघ, तरी निबंध तसाच चालत असेल तर नवा लिही. हे मला फार पटलं.

पहिले दोन दिवस पेन धरूच दिलं नाही, नुसते प्रश्न. त्यातून आमच्या विश्वामित्री नदीचा पूर निघाला. ऑगस्ट २०२४ ला आमच्या जिन्यात पाणी शिरलं होतं तेव्हा ही दर तासाला पायरीवर खडूनं खूण करत होती आणि वहीत वेळ लिहीत होती, मी तर तेव्हा रागावले होते की मगरी फिरतायत बाहेर आणि तू पाण्यापाशी काय करतेस. मॅडम म्हणाल्या, अगं मग हेच लिही ना! मग पोरीनं कोलंबियाच्या अर्थ अँड एन्व्हायर्नमेंटल (म्हणजे पृथ्वी आणि पर्यावरण) इंजिनिअरिंगचे कोर्स एकेक करून वाचले, त्या वहीतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर तिथे शिकायला मिळेल ते शोधलं. सात ड्राफ्ट झाले. बाबासाहेबांचं एकच वाक्य ठेवलं. मॅडमनी स्वतः एक ओळ लिहून दिली नाही, नुसतं पेन्सिलनं गोल करून "म्हणजे काय?" असं विचारायच्या.

त्रास म्हणाल तर फोन लवकर उचलत नाहीत, मुलं मोजकीच घेतात, गाडी लावायला जागा नाही, स्कूटरनंच जा. आणि कुणाला लिहून हवं असेल तर जाऊच नका, सरळ नाही म्हणतात. रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या फेरीचा अर्ज भरायची शेवटची तारीख १ जानेवारी असते, डिसेंबरात आलेल्यांना त्या परत पाठवतात, ऑगस्टमध्येच जाऊन भेटा.

निकाल मार्चअखेर येईल. तो निबंध मात्र मी प्रिंट काढून कपाटात ठेवलाय, त्या खडूच्या वहीसोबत.