कोंबड्यांना उपाशी न ठेवता पिसे झडवून देणारी सल्लासेवा : उरुळी कांचनच्या शेडवरील अनुभव

उरुळी कांचनजवळ सहाशे पांढऱ्या लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांचे आमचे उघड्या बाजूंचे शेड आहे. गेल्या आषाढात पक्षी 74 आठवड्यांचे झाले, उत्पादन 60 टक्क्यांच्या (म्हणजे शंभर कोंबड्यांमागे रोज साठ अंड्यांच्या) खाली आले आणि तडकलेली अंडी वाढू लागली. तेव्हा लॉट (एकत्र पाळलेले सगळे पक्षी) विकण्याऐवजी मोल्टिंग करून, म्हणजे अंडी काही काळ थांबवून व जुनी पिसे झडवून, विश्रांतीनंतर अंड्यांचा दुसरा हंगाम घेण्याचे आम्ही ठरवले आणि पुण्यातील एका पशुवैद्यकाची सल्लासेवा व त्यांच्याच केंद्रातील मोल्टिंगचे खाद्य घेतले.

मागच्या लॉटच्या वेळी दुसऱ्या एका सल्लागाराने दहा दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवायला लावले होते. रिकाम्या फीडरवर चोची आपटणारे पक्षी आणि रोज सकाळी उचलावी लागलेली मरतुक मी अजून विसरलेलो नाही. जनावराला पुरेसे खाद्य-पाणी न देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, शिवाय उपाशी कोंबड्यांत साल्मोनेला या जिवाणूचा प्रादुर्भावही वाढतो. या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पाणी एक दिवसही तोडायचे नाही आणि फीडर रिकामा ठेवायचा नाही, असे बजावले.

त्यांचे खाद्य मुख्यतः गव्हाच्या कोंड्याचे असून त्यात प्रथिने व कॅल्शियम कमी असतात, त्यामुळे पक्ष्याचे पोट भरते पण अंडे तयार होणे थांबते आणि अंडनलिकेला विश्रांती मिळते. सोबत सोळा तासांचा प्रकाश बंद करून फक्त दिवसाचा उजेड ठेवला. श्रावणात अंड्यांची मागणी घटते, म्हणून सुरुवात तेव्हाच करावी हा त्यांचा सल्ला मला फार मोलाचा वाटला.

बारीक व आजारी पक्षी त्यांनी आधीच वेगळे काढायला लावले. खुणेच्या तीस पक्ष्यांचे दर आठवड्याला वजन होई. सरासरी 1550 ग्रॅमवरून चार आठवड्यांत 1260 वर आली. पंख उघडून, मधल्या आखूड पिसापासून बाहेरच्या बाजूला मोठी पिसे क्रमाने कशी झडतात आणि त्या जागी रक्ताने भरलेली निळसर कोवळी पिसे कशी फुटतात, हे त्यांनी कामगारांना पक्षी हातात धरून दाखवले. त्यानंतर कुठला पक्षी मागे राहिला आहे, हे आमची माणसे स्वतःच सांगू लागली.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. गणपतीच्या सुमारास नेहमीच्या लेअर खाद्यावर परतायचे होते आणि त्यांची गाडी चार दिवस उशिरा आली. पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनच असते. ते नव्याने फुटत असताना कोंड्यावर काढलेले चार दिवस पक्ष्यांना जड जातात. शेवटी आम्ही लोणी काळभोरहून महाग दराने पोती आणली. सेवा घेणाऱ्यांनी लेअर खाद्य आधीच शेडवर आणून ठेवावे.

दिवाळीपर्यंत उत्पादन 79 टक्क्यांवर गेले. पहिल्या हंगामाचा उच्चांक दुसऱ्यात गाठला जात नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. अंडी मात्र आकाराने मोठी आहेत, कवच जाड आहे आणि तडकलेले अंडे तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये क्वचितच एखादे दिसते.