कडू न होणारी काकडी: ‘बीआय’ वाण निवडावा की ‘बीटी’?

काकडीला कडूपणा येतो तो कुकुर्बिटॅसिन-सी या संयुगामुळे. तो टाळणारे वाण आनुवंशिकदृष्ट्या दोन प्रकारचे असतात आणि त्यांची फळे चवीला सारखीच लागली, तरी वेली मात्र कीड आणि हवामान यांपुढे वेगवेगळ्या वागतात.

‘बीआय’ जनुकापासून या संयुगाच्या निर्मितीतील पहिल्या पायरीचे विकर तयार होते. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, की फळच काय, पानेही कडू होत नाहीत. ‘बीटी’ हे नियंत्रक जनुक आहे (बीटी कापसाशी त्याचा काहीही संबंध नाही). २०१४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, फळातील निर्मिती ‘बीटी’ चालू करते, तर पानांतील निर्मिती ‘बीएल’ हे वेगळे जनुक. त्यामुळे ‘बीटी’ मंदावलेल्या वाणाचे फळ गोड असते, पण पाने कडूच राहतात. थंडीचा किंवा पाण्याचा ताण पडला, तर अशा वाणाची फळेही कडू होऊ शकतात. हा कडूपणा बहुधा देठाकडे आणि सालीखाली अधिक असतो.

खरी अडचण किडींची आहे. कडू पाने लाल कोळीला बऱ्याच अंशी रोखतात. काकडीवर्गीय पिकांवरील काही भुंगेरे मात्र त्याच कडूपणाकडे ओढले जातात. म्हणून भुंगेऱ्यांचा उपद्रव असलेल्या उघड्या शेतात ‘बीआय’ वाण सरस ठरतो. कोळीचा त्रास असेल तेथे ‘बीटी’ बरा, पण कोळी वाढते ती उष्ण-कोरड्या हवेत आणि नेमक्या त्याच हवेत वेलीवर पाण्याचा ताण येतो. माझ्या मते निर्णय पाण्यावरच ठरवावा: नियमित ओलावा राखता येत असेल तर ‘बीटी’, अन्यथा ‘बीआय’ लावून पानांची खालची बाजू वरचेवर तपासावी.

घरचे बियाणे धरणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. परक्या परागामुळे यंदाच्या फळाची चव बदलत नाही, परिणाम पुढच्या पिढीत दिसतो. ‘बीआय’चा कडूपणा नसणे हा गुण अप्रभावी असल्याने कडू पानांच्या शुद्ध वाणाशी संकर झाल्यास पहिल्या पिढीतील सर्व वेलींची पाने कडू निघतात आणि त्यांच्या स्वपरागित दुसऱ्या पिढीत सुमारे एक चतुर्थांश रोपे कडूपणाविना मिळतात. ती ओळखण्यासाठी बीजपत्राचा लहानसा तुकडा चावून पाहावा आणि कडू लागणारी रोपे लागवडीआधीच काढून टाकावीत.