घरशाळेसाठी गणित: बालभारती, एनसीईआरटी, सिंगापूर की सॅक्सन?

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं की भाषा आणि परिसर अभ्यास यांची फारशी चिंता वाटत नाही. गोष्टींची पुस्तकं आहेत, समुद्र आहे, बाग आहे, गावाची देवराई आहे. अडतं ते गणितापाशी. गणिताला क्रम लागतो. एक पायरी कच्ची राहिली की पुढच्या तीन डळमळतात, म्हणून एखादं पुस्तक धरून चालावंच लागतं. दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला अशा गावांत राहून ही निवड करणाऱ्या पालकांसाठी चार पर्याय इथे शेजारी शेजारी ठेवते आहे. माझं मत आधीच सांगते. पुस्तक किती नावाजलेलं आहे हे दुय्यम आहे. मुलाजवळ रोज कोण बसणार आणि ते माणूस मनातल्या मनात कोणत्या भाषेत हिशेब करतं, हे आधी बघावं.

चार पर्याय असे: राज्याची बालभारतीची पुस्तकं, दिल्लीच्या एनसीईआरटीची पुस्तकं, सिंगापूरची ‘प्रायमरी मॅथेमॅटिक्स’ मालिका आणि अमेरिकेतल्या घरशाळांमध्ये बरीच वापरली जाणारी सॅक्सन मालिका. पहिल्या दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. उरलेल्या दोन विकत घ्याव्या लागतात, त्याही बहुतेक परदेशातून मागवून.

एकच उदाहरण, चार वाटा

पेटीतले तीन पंचमांश आंबे विकले, २४ उरले. पेटीत एकूण किती होते?

सिंगापूरच्या पद्धतीने शिकणारं मूल आधी एक लांब पट्टी काढतं. तिचे पाच समान भाग करतं, तीन भाग रंगवून ‘विकले’ लिहितं. उरलेल्या दोन भागांत २४, म्हणजे एका भागात १२, आणि पाच भागांत ६०. पाच डझनांची पेटी. क्ष नाही, समीकरण नाही, आणि तरीही जे केलं ते बीजगणितच आहे. या पट्टीच्या आकृत्या सिंगापूरने १९८०च्या दशकात आपल्या प्राथमिक शाळांत आणल्या. आधी हाताळायची वस्तू, मग चित्र, मग अंक असा तिथला क्रम आहे. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण शाब्दिक उदाहरण बघून गांगरणाऱ्या मुलाला ‘सुरुवात कुठून करू’ याचं उत्तर ती हातात देते. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, पट्टी काढायला सिंगापूरचं पुस्तक लागत नाही. पद्धत एकदा समजली की बालभारतीतलं कुठलंही शाब्दिक उदाहरण तुम्ही तशा पट्टीवर मांडू शकता.

बालभारतीच्या वाटेने जाणारं मूल अपूर्णांकांची ओळख पाचवीपर्यंत करून घेतं, अपूर्णांकांवरच्या सगळ्या क्रिया आणि समीकरणं सहावीत भेटतात. त्यामुळे हेच उदाहरण ते बहुधा ‘क्ष’ मानून सोडवतं. पुस्तकाची मांडणी स्वच्छ असते, एक मुद्दा, दोन सोडवलेली उदाहरणं, मग सरावसंच. शाळेत वर्गपाठ, गृहपाठ आणि बाईंचा फळा यांची भर पडते हे गृहीत धरून ते लिहिलेलं असतं. घरी ती भर तुम्हालाच घालायची आहे. सरावसंच संपला आणि मूल अजून चाचपडतंय असं झालं, तर त्याच नमुन्याची आणखी उदाहरणं तुम्हाला तयार करता आली पाहिजेत.

सॅक्सनमध्ये हे उदाहरण एका दिवसात कधीच येत नाही. आज अपूर्णांकाचं चित्र, काही दिवसांनी ‘इतक्याचे दोन पंचमांश किती’, आणखी पुढे उलटा प्रश्न. प्रत्येक पाठात नवीन गोष्ट अगदी थोडी, आणि खाली तीसेक मिश्र उदाहरणं, त्यातली बहुतेक मागच्या पाठांतली. चांगलं समजून घेतं पण महिन्याभरात विसरतं अशा मुलाला हा रतीब फार मानवतो. ज्याला एकदा कळलं की पुन्हा तेच नकोसं होतं, ते मूल मात्र इथे कंटाळतं. पुस्तक निवडताना त्यावरचे ५/४, ६/५ असे आकडे गोंधळात टाकतात. ५/४ म्हणजे पाचवीतलं साधारण मूल किंवा चौथीतलं जरा पुढे असलेलं. वयाकडे न बघता मालिकेची स्तरचाचणी घेऊनच सुरुवात करा.

एनसीईआरटीची नवी पुस्तकं वेगळीच आहेत. सहावीचं ‘गणित प्रकाश’ २०२४मध्ये आलं, त्याचा पहिलाच पाठ आकृतिबंधांचा आहे. विषम संख्यांची बेरीज करत गेलं की वर्गसंख्या का मिळतात, हे मुलाने चित्रातून शोधायचं. पुढे संख्यांच्या खेळांत कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांकही येतो. द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. देवळालीला शाळेत शिकवता शिकवता त्यांनी हे काम केलं. मुलासोबत करून बघा: ३०८७ घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा तसंच, ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, संख्या हलत नाही. वजाबाकीचा इतका सराव मूल आपणहून करतं, हे बघून मला दरवेळी आनंद होतो. पण या पुस्तकातले प्रश्न बोलके असतात. ‘तुला काय दिसतं, का असं होत असेल’ असं विचारतात. शेजारी बोलायला मोठं माणूस नसेल तर पुस्तक अर्धंच वापरलं जातं. शिवाय ते मराठीत नाही, इंग्रजी किंवा हिंदीत वाचावं लागतं.

भाषेचा प्रश्न आधी सोडवा

मराठीत एकवीस ते नव्याण्णव हा मुलांसाठी खडतर घाट आहे. छत्तीस ऐकून ६३ लिहिणारी मुलं घरोघरी असतात, कारण बोलताना एककाचा अंक आधी येतो आणि लिहिताना दशकाचा. त्यात एकोणतीस, एकोणसाठ यांची उलटी मोजणी. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. घरशाळेत वाद घालायला कोणी नाही, तेव्हा दोन्ही वापरावं. स्थानिक किंमत समजेपर्यंत ‘तीस सहा’, आणि सोबत छत्तीस. बाजारात आणि घरात सगळे छत्तीसच म्हणणार आहेत, ते मुलाला यायलाच हवं.

घरात आजी-आजोबा असतील, त्यांचे पाढे मराठीत असतील, तर चौथीपर्यंत बालभारती सोडू नका असं मी ठामपणे सांगेन. लहान वयात गणित तोंडी असतं. तोंडी भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असली की मूल मध्ये अडकतं. याउलट आईवडील शहरातून परतून इथे स्थायिक झालेले, घरात इंग्रजीच जास्त, अशा घरात पहिलीपासून सिंगापूर बिनधास्त घ्यावं.

आजी-आजोबांकडे आणखी एक ठेवा आहे, जो चारपैकी एकाही मालिकेत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. अपूर्णांकांचे पाढे! पाऊणकी म्हणून बघा: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ याच पाढ्याने काढतात. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, अष्टमीला आठ पाऊण सहा. एका तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं पुढे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून हा हिशेब जवळपास जुळतो. हा अंदाज आहे, पाण्यात उतरायचं असेल तर भरतीचा छापील तक्ताच बघायचा. पण पाचवीच्या मुलाला आठवडाभर वेळा नोंदवून आजोबांचं उत्तर आणि तक्त्यातली वेळ यांतला फरक काढू द्या. अपूर्णांकांचा गुणाकार, तासांचं मिनिटांत रूपांतर आणि सरासरी, तिन्ही एका वहीत होतात.

मापं, लाख-कोटी आणि हंगाम

सॅक्सनमध्ये इंच, पौंड, गॅलन, डॉलर-सेंट. फूट-इंच आपल्या सुताराकडे आणि चिऱ्याच्या बांधकामावर चालतात, गॅलन मात्र मुलाने कधी पाहिलेला नसतो. सिंगापूरची मूळ मालिका मेट्रिक आहे, अमेरिकी आवृत्ती घेतलीत तर त्यात तिकडची मापंही येतात, म्हणून मागवताना आवृत्ती नीट बघा. दोन्हीत मोठ्या संख्या हजार, मिलियन अशा चढतात. लाख-कोटी तुम्हाला वेगळं शिकवावं लागेल. एनसीईआरटीच्या नव्या सातवीच्या पुस्तकात पहिलाच पाठ मोठ्या संख्यांचा आहे आणि त्यात दोन्ही पद्धती शेजारी आहेत, तो पाठ परदेशी मालिका घेणाऱ्यांनीही करून घ्यावा. आणि जमिनीची मापं कुणाच्याच भरवशावर सोडू नका. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबारा वाचायला लागणारं गणित इथूनच सुरू होतं. हापूसची कलमं १० मीटर अंतराने लावली तर हेक्टरी किती बसतील, हे मुलाला कागदावर आखून काढू द्या. १०० येतात, आणि क्षेत्रफळ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर राहतं.

आता हंगाम. एप्रिल-मे हा आंब्याचा. बागायत असलेल्या घरात तेव्हा सकाळी कोणाला पुस्तकाजवळ बसायला सवड नसते. पुढे गौरी-गणपती. सॅक्सनची सगळी ताकद रोजच्या मिश्र सरावात आहे. दीड महिना खंड पडला तर काही पाठ मागे जाऊन पुन्हा वर यावं लागतं. सिंगापूर आणि बालभारती प्रकरणाप्रमाणे चालतात, प्रकरण संपवून थांबलं की पुन्हा सुरू करणं सोपं जातं. मेमध्ये पुस्तक बंद ठेवलं तरी पेट्या भरायला मूल सोबत असू द्या. डझन, प्रतवारी, पेटीमागचा खर्च आणि हाती आलेली रक्कम यांतून नफा-तोटा आणि शेकडेवारी जितकी पक्की होते तितकी सरावसंचाने होत नाही.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर नेतात, खान अकॅडमीही फुकट आहे. अडलेला एखादा मुद्दा समजून घ्यायला दोन्ही चांगले. पण जुलैच्या पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, म्हणून पूर्ण अभ्यासक्रम पडद्यावर ठेवू नये. जूनच्या आधी लागणारी प्रकरणं छापून घेतलेली बरी.

मी काय निवडेन

मराठी घर, वेळ बरा, खर्च कमी ठेवायचा: पाचवीपर्यंत बालभारती, त्यावर सिंगापूरच्या पट्ट्या, सहावीपासून बालभारतीसोबत ‘गणित प्रकाश’मधले निवडक पाठ. बहुतेक कुटुंबांना मी हेच सुचवते. शिकवणाऱ्याला स्वतःलाच गणिताची धास्ती असेल तर सॅक्सन, कारण पाठ कसा घ्यायचा ते त्यात ओळीने दिलेलं असतं. इंग्रजीत वावरणारं घर आणि खर्चाची तयारी असेल तर सिंगापूर. दोन पूर्ण मालिका एकदम चालवू नका. दोघींचा क्रम वेगळा असतो आणि मूल दोन्हीकडे अर्धवट राहतं. निवडलेली मालिका निदान वर्षभर बदलू नका.

आठवीच्या सुमाराला मात्र दहावीची परीक्षा कोणती, हे ठरवायलाच हवं, आणि पुस्तक त्यानुसार बदलावं लागतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएसची माध्यमिक परीक्षा १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. विषय आपण निवडायचे, सगळे एकाच वेळी द्यायचे बंधन नाही. तिथे गणित न घेताही दहावी होता येतं, आणि गणित जड जाणाऱ्या मुलाचे पालक तो मार्ग चटकन धरतात. अभियांत्रिकी, मर्चंट नेव्ही, वास्तुशास्त्र यांतलं काहीही मुलाच्या मनात असण्याची शक्यता असेल तर गणित ठेवा, लागलं तर त्याला एक वर्ष जास्त द्या. राज्य मंडळाच्या दहावीला बीजगणित आणि भूमिती असे दोन वेगळे पेपर असतात. भूमितीत सिद्धता लिहाव्या लागतात. त्या वाटेने जायचं असेल तर परदेशी मालिका आठवीच्या शेवटी बाजूला ठेवून बालभारतीची नववीची दोन्ही पुस्तकं हातात घ्या, आणि सिद्धता लिहायची सवय नववीच्या पहिल्या महिन्यापासून लावा.