वर्कशॉपसाठी थंड-गरम इन्व्हर्टर स्प्लिट एसी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जागा ३० चौरस मीटर, छताची उंची ३ मीटर, भिंती विटांच्या, पत्र्याखाली ५० मिमी फोम. काम लाकडाचं: टेबल सॉ, रंधा मशीन, सँडर, डस्ट कलेक्टर. एसी दीड टनी, इन्व्हर्टर, थंड आणि गरम दोन्ही करणारा, गॅस आर-३२. कडक उन्हाळा झाला, हिवाळाही झाला. एसी बसवावाच, याबद्दल शंका नाही. पण घराच्या खोलीचा हिशेब वर्कशॉपला लावला की तोच एसी पुरा पडत नाही. इथे दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: किती हवा बाहेर फेकली जाते आणि आतल्या हवेत किती भुसा उडतो. टनांचा प्रश्न त्यानंतरचा.

डस्ट कलेक्टरचं तोंड बाहेर काढलेलं असेल आणि तो मिनिटाला ८०० घनफूट ओढत असेल, तर तासाला सुमारे १,३६० घनमीटर हवा बाहेर जाते. वर्कशॉपचं आकारमान ९० घनमीटर, म्हणजे तासाला पंधरा वेळा आतली सगळी हवा बदलते. आत-बाहेर ११ अंशांचा फरक धरला तर एवढी हवा थंड किंवा गरम करायलाच जवळपास ५ किलोवॅट लागतात. दीड टनाची पूर्ण क्षमता ५.३ किलोवॅट. तापलेला पत्रा, मोटरी, काम करणारी माणसं यांच्यासाठी काही उरतच नाही. बाहेरची हवा दमट असली तर तिच्यातलं पाणी काढायचा भार आणखी वेगळा.

अशा वेळी दोन टनी घ्यायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. कलेक्टरला कापडी पिशवीऐवजी बारीक गाळणारं कार्ट्रिज लावा आणि हवा आतच परत सोडा. मग कलेक्टरमुळे वाढणारा भार त्याच्या मोटरपुरता राहतो: १.५ किलोवॅट, म्हणजे तासाला सुमारे ५,१०० बीटीयू उष्णता. हिवाळ्यात तर ही उष्णता कामालाच येते. साधी पिशवी मात्र आत चालणार नाही. तिच्यातून सुटणारी बारीक धूळ फुप्फुसात जाते.

क्षमतेच्या तक्त्यात सगळे कमाल आकडा बघतात. किमान आकडा जास्त महत्त्वाचा आहे. कोणता दीड टनी एसी ०.९ किलोवॅटपर्यंत खाली येतो, तर कोणता २ किलोवॅटच्या खाली येतच नाही. मशिनं बंद असताना भार १ किलोवॅटच्या आसपास असतो. तेव्हा या दुसऱ्या प्रकारचा एसी सारखा चालू-बंद होत राहतो; खोली पटकन गार होते, पण दमटपणा तसाच राहतो. लाकडाला तापमानापेक्षा दमटपणाची बाधा जास्त. २० अंशांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड साधारण ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ६५ टक्क्यांना १२ वर आणि ८० टक्क्यांना १६ च्या आसपास. ९ टक्क्यांवर नेमका बसवलेला ड्रॉवर १२ टक्क्यांवर अडकतो. एसी हळू पण सलग चालत राहिला की आर्द्रता ५० ते ५५ मध्ये टिकते. एक स्वस्त आर्द्रतामापक भिंतीवर टांगाच, एसीच्या झोताबाहेर.

हिवाळ्यातला सगळ्यात मोठा फायदा गंज टळण्याचा. गॅसची शेगडी पेटवून जागा गरम केली की १ किलो एलपीजीमागे सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीत येतं. हवा २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १२ अंशांवर येतो. टेबल सॉचं बिडाचं टेबल रात्रभर गारठून १० अंशांवर असेल, तर सकाळी त्यावर हात फिरवला की बोटं ओली होतात. दुपारपर्यंत नारिंगी ठिपके. स्प्लिट एसी हवेत पाणी सोडत नाही, आणि रात्री १२-१३ अंशांवर चालू ठेवता आला तर बीड गारठतही नाही. पांढऱ्या गोंदालाही हे मानवतं. फार थंडीत तो खडूसारखा भुरभुरीत वाळतो आणि सांधा पकडत नाही. अडचण एवढीच की बऱ्याच एसींचं गरम करण्याचं सेटिंग १६ अंशांच्या खाली जात नाही. ८ किंवा १० अंशांचा मोड आहे का, हे घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा.

गरम करताना १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते, पण हा आकडा बाहेर ७ अंश असतानाचा. शून्याजवळ तो घसरतो, आणि थंड-दमट हवेत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवायला एसी मधूनमधून पाच-दहा मिनिटं गरम हवा थांबवतो. तो बिघाड नाही. मात्र वितळलेलं पाणी वाहून जायला हवं, म्हणून आउटडोअर युनिट स्टँडवर उचलून बसवा.

आता भुसा. इनडोअर युनिटची जाळी फक्त जाडी धूळ अडवते. सँडिंगची पिठासारखी धूळ जाळीतून आत जाऊन ओल्या कॉइलवर चिकटते, ब्लोअरच्या वाकड्या पात्यांमध्ये भरते आणि ड्रेन ट्रेमध्ये पाण्याशी कालवून चिकट लगदा होतो. लक्षणं क्रमाने येतात: झोत मंदावतो, कुबट वास येतो, मग इनडोअर युनिटमधून पाणी ठिबकतं. तरीही दुर्लक्ष झालं तर हवा कमी पडून थंड करतानाच कॉइलवर बर्फ जमतो आणि द्रव गॅस कॉम्प्रेसरकडे परतू लागतो. वरून जाड फिल्टर चिकटवणं हा उपाय नाही. त्यानेही हवेचा प्रवाह कमी होऊन हेच घडतं. जाळी दर आठवड्याला धुवा, कॉइल आणि ट्रे तीन महिन्यांनी, आणि सँडरपासून युनिट शक्य तितकं लांब ठेवा. छताला वेगळा एअर फिल्टर टांगला तर जाळीवरचा थर निम्म्याहून कमी होतो.

बसवताना चूक झाली ती फ्लेअर जोडात, म्हणजे कॉपर पाइपचं तोंड फुलवून नटाने आवळलेल्या जोडात. दोन महिन्यांत गारवा कमी झाला. मोठ्या नटाभोवती तेलाचा डाग आणि साबणाच्या पाण्यात बुडबुडे दिसले. पाइप कापल्यावर आतली कड साफ केली नव्हती आणि नट अंदाजाने आवळला होता. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६०. टॉर्क पाना नसेल तर काम थांबवा. नायट्रोजनने दाब तपासून घ्या, मग गेज लावून ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली व्हॅक्यूम करा आणि पंप बंद केल्यावर दहा मिनिटं काटा बघा. "पंधरा मिनिटं पंप चालवला" हे उत्तर पुरेसं नाही. गळती झाली तर वरून गॅस मारू नका; उरलेला काढून, जोड दुरुस्त करून, नेमप्लेटवरच्या वजनाइतका तोलून भरायचा. दोन्ही कॉपर पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. ड्रेनला मीटरमागे किमान १ सेमी उतार ठेवा.

वायरिंग मशिनांपासून स्वतंत्र ओढा. टेबल सॉ सुरू होताना व्होल्टेज पडतं, ते एसीच्या पीसीबीला (आतल्या सर्किट बोर्डाला) सोसत नाही.

स्प्रे फिनिशिंग करताना एसी बंद ठेवा. तो ताजी हवा आणत नाही, आणि त्याचे रिले (आतले विजेचे स्विच) ज्वलनशील वाफेसाठी बनवलेले नसतात.

मॉडेल ठरवताना पुढचं पॅनल उघडून दाखवायला सांगा. ड्रेन ट्रे स्क्रू काढून बाहेर येतो का, ब्लोअर कॉइल न हलवता निघतो का, एवढं पाहा. ज्यात हे दोन्ही होत नाही, तो एसी कितीही शांत आणि कमी विजेवर चालणारा असला तरी वर्कशॉपसाठी घेऊ नका.