एक दिवस, दोन मठ: श्टाइन आम ऱ्हाइन की शाफहाउझेन?

झुरिकला मुक्काम आहे आणि ऱ्हाइनच्या धबधब्यानंतर एखादा जुना मठ बघायचाय, तर दोन पर्याय आहेत. दोन्ही मूळचे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचे, दोन्ही ऱ्हाइनकाठी, जुन्या गावातच. मधे लोकल गाडीची जेमतेम 25 मिनिटं.

मठ म्हणून बघायचा असेल तर श्टाइनचा सांक्ट गेओर्गन. भिक्षू राहायचे त्या खोल्या, लाकडी तावदानं, नदीवर उघडणाऱ्या खिडक्या अजून जागच्या जागी आहेत. इथे घाई करू नका, विशेषतः मठाधिपती डाव्हिड फॉन विंकेल्सहाइम यांच्या दिवाणखान्यात. 1515-16मध्ये रंगवलेल्या भिंतींवर रोम आणि कार्थेज आहेत, पण नजर खिळते ती त्सुर्त्साख गावच्या जत्रेवर. चित्रं बहुतेक करड्या छटांत असल्याने ढगाळ दिवशी तपशील हरवतात. दुपारच्या उजेडात जा. गंमत म्हणजे हा थाट उभा राहिल्यावर दहा वर्षांत प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने मठच बंद पाडला. गावात बसभर पर्यटक उतरतात, चौकातल्या रंगवलेल्या घरांचे फोटो काढतात आणि परततात, त्यामुळे मठात गर्दी नसते. जिने जुने, जमीन उंचसखल. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. आणि नोव्हेंबर ते मार्च हा मठ बंद असतो.

शाफहाउझेनचं आलरहायलिगन (स्थापना 1049) बारमाही. इथे राहत्या मठापेक्षा मोठं संग्रहालय मिळतं: पुरातत्त्व, चित्रं, निसर्ग, सगळंच. त्यात मठ थोडा हरवतो. मात्र चर्च साधं, भारदस्त, आणि शेजारची ओवरी स्वित्झर्लंडमधली सर्वांत मोठी. तिथे फिरायला तिकीट लागत नाही. जवळच 1486ची घंटा ठेवली आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय: जिवंतांना बोलावते, मेलेल्यांसाठी रडते, विजा मोडते.

सोमवारी दोन्ही संग्रहालयं बंद.

उन्हाळ्यात दोन्ही जमतात. सकाळी रेल्वेने श्टाइन गाठा (स्टेशन नदीपलीकडे, पूल ओलांडून दहा मिनिटं चाल), परतताना शाफहाउझेनपर्यंत बोट घ्या. उलटं करू नका: प्रवाहाविरुद्ध जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. पावसात नदी फुगली की वाटेतल्या डिसेनहोफेनच्या पुलाखालून बोट जाऊ शकत नाही, म्हणून निघण्याआधी वेळापत्रक बघाच. झुरिक-शाफहाउझेन रेल्वे थोडा वेळ जर्मनीतून जाते. फोनने जर्मन नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल येऊ शकतं, तेवढा वेळ डेटा बंद ठेवा.